काटोलच्या उन्हात सफरचंद: कोणत्या झाडाचं फळ कसं लागलं

आंबिया · ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज सकाळी परसातल्या शेवटच्या झाडाची फळं उतरवली. हा धागा काढायचं तीन वर्षांपासून मनात होतं, पण तिन्ही वाणं एकाच आठवड्यात ताटात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. यंदा ते जमलं.

आमचं गाव काटोल तालुक्यात. संत्र्याचा बगीचा वडिलांनी लावलेला. सफरचंदं मात्र घरामागे, विहिरीच्या अंगाला, साडेतीन गुंठ्यांत. जानेवारी २०१९ मध्ये अकरा कलमं लावली: चार एचआरएमएन-९९, चार ॲना, तीन डॉर्सेट गोल्डन. आज आठ उभी आहेत.

ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं. एचआरएमएन-९९ हे हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे हरिमन शर्मा यांचं वाण. त्यांनी १९९८ मध्ये खाऊन घरामागे टाकलेल्या बियांतून एक रोप उगवलं. गाव जेमतेम १८०० फुटांवर, जिथे सफरचंद होत नाही असंच सगळे मानत होते, आणि त्या रोपाला फळं धरली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ॲना ही इस्राएलची, गरम मुलखासाठी मुद्दाम संकर करून काढलेली. डॉर्सेट गोल्डन तर बहामा बेटांवरची, नासाऊच्या एका बागेतली. तिन्ही वाणं उन्हातली आहेत, म्हणून तर आपल्याकडे लावायची हिंमत झाली.

आता चवीचं. मुलीनं फोडी करून तीन ताटल्यांत ठेवल्या आणि नावांच्या चिठ्ठ्या ताटल्यांखाली सरकवल्या. चाखायला आई, मी, बायको, शेजारचे काका आणि त्यांची दोन नातवंडं.

पहिल्या ताटलीतली फोड दाताखाली कचकन तुटली. रस भरपूर, आधी आंबट, मग गोड, आणि गिळल्यावर सालीचा किंचित तुरटपणा मागे राहतो. ही ॲना निघाली. फळ लांबट, खाली निमुळतं, एका गालावर लाली आणि बाकी हिरवट पिवळं. सगळ्यांत जास्त हात याच ताटलीकडे गेले.

दुसऱ्या ताटलीत पिवळी फोड. आंबटपणा जवळजवळ नाहीच, गोडी मऊ, आणि वास असा की काका म्हणाले, "यात कोणी केवडा टाकला का?" केवडा नाही, पण फुलासारखा वास आहे खरा, अगदी झाडाखाली उभं राहिलं तरी येतो. ही डॉर्सेट. फळ लहान असतं, मुठीत मावेल एवढं.

तिसरी एचआरएमएन. आईनं एक फोड खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "हे तर पेमली बोरासारखं लागते." त्यानंतर मलाही तेच लागू लागलं. गर जरा मऊ, गोड-आंबट, रस ॲनापेक्षा कमी, साल पातळ. बाजारातल्या सफरचंदाशी तुलना केली तर खाली जाईल. पण आईनं त्याच ताटलीतल्या सगळ्या फोडी संपवल्या.

एक गोष्ट ठासून सांगतो. ही चव झाडावरून काढल्या दिवसाची आहे. ४३ अंशांत पिकलेलं सफरचंद टिकत नाही. बाहेर ठेवली तर ॲनाचा गर तिसऱ्या दिवशी पिठूळ होतो, एचआरएमएनचा दुसऱ्याच दिवशी. म्हणून आम्ही रोज लागतील तेवढीच काढतो.

कधी काढायचं हे कळायला मला दोन हंगाम लागले. रंगावर जाऊ नका. लाली चढायला रात्री गार लागतात, आणि आपल्या मे महिन्यातल्या रात्री कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे. ॲना इथे पिकली तरी अर्धी हिरवीच दिसते. मी जखमेवर लावायचं आयोडीन वापरतो. एक फळ मधोमध आडवं कापायचं, कापल्या बाजूवर थोडं पाणी घालून पातळ केलेलं आयोडीन लावायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. कच्च्या फळात पिष्ट असतं, ते काळंनिळं होतं. पिकत जाईल तसा बियांच्या घराभोवतीचा भाग आधी पांढरा राहतो, मग तो पांढरेपणा सालीकडे पसरतो. निम्म्याहून जास्त भाग पांढरा राहिला की त्या झाडाची काढणी सुरू. १९ मे ला पहिलं फळ कापलं तेव्हा सगळा गर शाईत बुडवल्यासारखा झाला होता. २८ मे ला मध्ये फुलासारखा पांढरा आकार उमटला. आयोडीन लावलेलं फळ खायचं नाही, मातीत टाकून द्यायचं.

तुमच्यापैकी कोणी लावली असतील तर चवीबद्दल नक्की लिहा. उत्पन्नाचे आकडे सगळीकडे वाचायला मिळतात, पण फळ लागतं कसं हे कोणी लिहीत नाही.


पऱ्हाटी · ८ जून, रात्री १०:२५

आंबिया भाऊ, वाचून मन भरलं. मी यवतमाळ जिल्ह्यातला, कोरडवाहू शेतकरी. घरामागं दोन गुंठे जागा हाय, पोराच्या शाळेच्या पुस्तकात सफरचंदाचं झाड पायलं तवापासून तो मागं लागला हाय. मले तीन गोष्टी सांगा. पाणी किती लागते? आमची विहीर एप्रिलातच तळाले जाते. दुसरं, मे महिन्यात झाड करपत नाई का? अन् तिसरं, वांदरं. आमच्या गावात पेरूचं एक फळ पिकू देत नाईत, सफरचंद कसं ठेवतीन?


आंबिया · ८ जून, रात्री ११:०५

पऱ्हाटी भाऊ, दोन गुंठ्यांत चार झाडं आरामात बसतात. मे महिन्यात माझ्या मोठ्या झाडाला ठिबकनं रोज ४० लिटरच्या आसपास जातं. लहान झाडाला दोन घागरी पुरतात. तुमच्याकडे विहीर आटते तर घरातलं भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी आणि झाडाजवळ पुरलेलं मडकं, यावर दोन झाडं जगतील. दोनच लावा, पण ॲना आणि डॉर्सेट अशी जोडी लावा. दोघी एकाच वेळी फुलतात, एकीचा पराग दुसरीला लागतो. एकटी ॲना लावली तर फुलं झडून जातात.

करपण्याचं म्हणाल तर खोडाला चुना लावा, पश्चिमेच्या बाजूला मार्च ते जून हिरवी जाळी बांधा. फळं पानाआड ठेवायला छाटणीत पश्चिमेच्या फांद्या राखून ठेवा. ज्या फळावर दुपारचं ऊन थेट पडतं त्याच्या गालावर तपकिरी, चामड्यासारखा डाग येतो आणि तिथला गर कडू होतो. बुंध्याशी कुटार (भुसा) टाका, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर उधई (वाळवी) लागते. माझी एक एचआरएमएन अशीच गेली. कुटार खोडाला टेकलं होतं, सालीखाली मातीच्या नळ्या चढत गेल्या, आणि मला दिसलं तेव्हा बुंधा सगळीकडून कुरतडला होता.

वांदरांना राखण हाच उपाय. पोपट आणि वटवाघळांसाठी मात्र आईनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्यात, तोंडाला नाडी. फळ लिंबाएवढं झालं की पिशवी चढवायची. वारा लागतो, ऊन गाळून येतं, चोच पोचत नाही. यंदा दीडशेच्या वर पिशव्या बांधल्या.


मृदगंध · ९ जून, सकाळी ७:५०

मी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकलो, आता फळबागांच्या कामातच आहे. आंबियाभाऊंचं मनापासून कौतुक. पण हा धागा वाचून कोणी एकरभर सफरचंद लावू नये म्हणून दोन गोष्टी लिहितो.

सफरचंदाला हिवाळ्यात साधारण ७ अंशांखालचे तास लागतात. तेवढी थंडी मिळाली की फांदीवरच्या डोळ्यांची, म्हणजे मिटलेल्या कोंबांची, झोप पुरी होते आणि ते एकसाथ फुटतात. रेड डिलिशस या थंड डोंगरातल्या वाणाला असे हजाराच्या आसपास तास हवेत. ॲनाला तीनशेपर्यंत, डॉर्सेटला शंभराच्या आसपास. विदर्भात ७ च्या खाली पारा मोजक्याच रात्री जातो, तोही पहाटेचे काही तास. म्हणजे डॉर्सेटची गरजही आपण बहुतेक वर्षी पुरी करत नाही. परिणाम काय होतो? फुलोरा दोन-दोन महिने तुकड्यातुकड्यानं येतो, फांद्यांचे खालचे डोळे फुटतच नाहीत, झाड काठीसारखं उंच वाढतं.

दुसरं, जमीन. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी जास्त, सामू (पीएच) ८ च्या पुढे. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवीन पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. आंबियाभाऊ, तुमच्याकडे असं झालं का? आणि फुलोरा एकसाथ कसा आणलात, ते सविस्तर लिहा. मला खरंच जाणून घ्यायचंय.


आंबिया · ९ जून, दुपारी १:३०

मृदगंध, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. बाजारासाठी कोणीही लावू नये. दोन दिवसांत पिठूळ होणारं, लाली नसलेलं फळ कोणता व्यापारी घेईल? आमच्या आठ झाडांची फळं घर, शेजार आणि मुलीची शाळा एवढ्यातच संपतात, आणि ती तशीच संपावीत.

पिवळेपणा आला होता, अगदी तुम्ही म्हणता तसा. दोन वर्षं १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि दोन लिंबांचा रस घालून संध्याकाळी फवारलं. पंधरा दिवसांत पानं सुधारली. आता दरवर्षी पावसाळ्यात दोनदा आणि फेब्रुवारीत एकदा फवारतो. जमिनीचं दुसरं दुखणं पाणी साचण्याचं. खालच्या अंगाला लावलेली दोन डॉर्सेट पहिल्याच ऑगस्टमध्ये गेली. उपटून पाहिलं तर मुळांची साल बोटानं निसटत होती आणि सडका वास. त्यानंतर उरलेल्या सगळ्या झाडांभोवती मुरूम आणि शेणखत घालून दीड-दोन फूट उंच वरंबे केले. तेव्हापासून एकही गेलं नाही. आता माझ्याकडे एकच डॉर्सेट आहे, तेच ॲनाच्या दोन्ही रांगांना पराग पुरवतं.

आता फुलोऱ्याचं. पहिली दोन वर्षं तुम्ही लिहिलंत तेच झालं. जानेवारीत चार फुलं, मार्चमध्ये सहा, जूनमध्ये परत दोन. मग इंडोनेशियाबद्दल वाचनात आलं. पूर्व जावातल्या मलंग आणि बाटू भागात, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, लोक सफरचंद पिकवतात. तिथे हिवाळाच नाही. फळं उतरवली की महिनाभरात झाडाची सगळी पानं हातानं काढून टाकतात, फांद्या वाकवून बांधतात, आणि झाड नव्यानं फुलतं. वर्षात दोन पिकं घेतात.

हे वाचलं आणि मी बराच वेळ बांधावर बसून राहिलो. कारण हे तर आपणच करतो! संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटचा फुलोरा, धरायला डिसेंबरात पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, पानं मलूल होऊन थोडी गळतात, मग पाणी सोडलं की बगीचा पांढरा होतो. मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याला, तेच मे महिन्यात. झाडाला वाढीतून ओढून फुलावर आणायचं, हे आपल्या आजोबा-पणजोबांचं रोजचं काम. सफरचंदाला थंडीची वाट पाहत बसायची गरज नव्हती, त्याला आपला हिसका द्यायला हवा होता.

म्हणून आता मी असं करतो. नोव्हेंबरच्या शेवटी पाणी निम्म्यावर आणतो, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंद करतो. २५ डिसेंबरच्या सुमाराला घरातली सगळी माणसं मिळून पानं काढतो. पान खाली ओढायचं नाही, डोळा सोबत निघून येतो. देठ धरून फांदीच्या टोकाच्या दिशेनं वर ढकलायचं. मोठ्या झाडाला दोघांना अर्धा दिवस लागतो. उभ्या फांद्या सुतळीनं आडव्या करून विटांना बांधतो. आठवड्यानं भरपूर पाणी. जानेवारीच्या शेवटी गुलाबी कळ्या दिसतात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाड फुलतं. फुलोरा एकसाथ म्हणावा असा नसतो, पण तीन आठवड्यांत आटोपतो.


मृदगंध · ९ जून, दुपारी ४:१०

फार महत्त्वाचं लिहिलंत. पानाकडून डोळ्याला सतत थांबण्याचा निरोप जात असतो. डोळा गाढ झोपेत जाण्याआधीच पान काढलं तर तो निरोप तुटतो आणि थंडीशिवायही डोळा फुटतो. संत्र्याच्या ताणाचं शास्त्र थोडं वेगळं आहे, तिथे पाण्याची टंचाई आणि हिवाळ्याचा गारवाच झाडाला फुलावर आणतो. पण ज्याला बहार धरता येतो त्याला हे शिकवावं लागत नाही, हे तुमचं निरीक्षण मला पटलं. माझी एक सूचना: पानं डिसेंबरच्या सुरुवातीलाच काढून पाहा, एका झाडावर. फळं मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हाती येतील, शेवटची भाजणारी लाट चुकेल.


आंबिया · ९ जून, सायंकाळी ६:००

एका ॲनावर नक्की करून पाहतो. एकच भीती, फूल लवकर आलं तर लहान फळ फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत सापडतं. २०२२ ला बोराएवढी फळं होती तेव्हा गारा पडल्या. जी तरली त्यांच्यावर खळगे पडले आणि पिकेपर्यंत राहिले. पण चवीत फरक नव्हता, खळग्याखालचा गर तेवढा टणक.


डोंगरवाट · ९ जून, रात्री ९:१५

मी मूळचा वर्ध्याचा, नोकरीनिमित्त बारा वर्षं शिमल्याकडे आहे. इथल्या सफरचंदाचं मूळ कोटगढला आहे. सॅम्युअल स्टोक्स नावाचे अमेरिकन गृहस्थ इथे स्थायिक झाले, पुढे सत्यानंद झाले, आणि १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून डिलिशसची कलमं आणून लावली. आज सगळा डोंगर त्यावर जगतो. आणि इथले जुने बागायतदारही थंडीच्याच चिंतेत आहेत. बर्फ कमी पडतं, खालच्या उंचीवरचे बगीचे नीट फुलत नाहीत, लोक वर सरकतायत किंवा कमी थंडीची वाणं लावतायत. तुमच्या परसातला प्रश्न इथेही पोचलाय.

चवीबद्दल मला एक मनापासून सांगायचंय. मे महिन्यात नागपूरच्या बाजारात जे सफरचंद मिळतं ते बहुतेक मागच्या हंगामाचं असतं. इथली काढणी जुलैपासून, काश्मीरची ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरची. उरलेलं वर्ष फळ शीतगृहात, प्राणवायू कमी करून ठेवलेलं. कुरकुरीत राहतं, पण वास हळूहळू जातो. किंवा मग ते समुद्रापलीकडून आलेलं असतं. आपण विदर्भातली माणसं लहानपणापासून तेच खाल्लं, म्हणून सफरचंद म्हणजे कुरकुरीत, गोड आणि बिनवासाचं अशी जीभ तयार झाली. मी इथे आलो त्या वर्षी एका बागेत झाडावरून काढलेलं सफरचंद खाल्लं आणि काही क्षण मला ते कोणतं फळ आहे हेच कळेना. शेजारच्या काकांना केवड्याचा वास आला, तो ताज्या फळाचाच वास. मे-जूनमध्ये झाडावरचं सफरचंद खाणारी माणसं देशात फार थोडी असतील. त्यांत काटोलचं एक घर आहे याचा मला फार आनंद झाला.

कधी श्रीनगरला गेलात तर अंबरी शोधून खा. काश्मीरचं जुनं देशी वाण, उशिरा पिकणारं, वासाला अप्रतिम, आणि साध्या खोलीतही खूप दिवस टिकणारं. डिलिशसनं त्याला मागे सारलं, पण तिथली म्हातारी माणसं अजून त्याचंच नाव काढतात.


निंबोणी · १० जून, सकाळी ११:२०

डोंगरवाट दादा, वाचताना डोळे भरून आले. आम्हीही वर्ध्याजवळच्याच गावातले.

माझ्या परसात तीन झाडं आहेत, चार वर्षांची. एचआरएमएन म्हणून एका रोपवाटिकेतून घेतली होती, एक रोप साडेतीनशे रुपयांना. आजवर एक फूल नाही. झाडं सरळ वाढलीत, बारीक फांद्या, काही तर काट्यासारख्या. आंबिया भाऊंसारखी पानं मी कधी काढली नाहीत, तर चूक माझी का रोपांची? कसं ओळखायचं?

आणि तुम्ही विरळणी करता ना? त्या कच्च्या फळांचं काय करता? माझ्या जावेकडे ॲना आहे, तिच्याकडून मार्चमध्ये बोराहून जराशी मोठी हिरवी फळं आणते आणि मेथांबा करते. कैरीसारखाच. फोडी करायच्या, साल काढायची नाही. तेलात मोहरी, मेथीदाणा लालसर होऊ द्यायचा, हळद, तिखट, फोडी टाकून झाकण ठेवायचं. कैरीपेक्षा आंबट कमी आणि तुरट जास्त, म्हणून गूळ थोडा कमी घालायचा आणि उतरवताना लिंबू पिळायचं. थंड झाला की रस आपोआप घट्ट होतो, पाक करावा लागत नाही. ज्वारीच्या भाकरीशी इतका छान लागतो की माझी सासू आता कैरीची वाट पाहत नाही.


आंबिया · १० जून, दुपारी १२:४५

निंबोणी ताई, विरळणीची फळं आजवर गाईला घालत होतो. पुढल्या वर्षी मेथांबाच. एका गुच्छात पाच-सहा फुलं येतात, मधलं सगळ्यांत आधी उमलतं आणि त्याचं फळ सगळ्यांत मोठं होतं. तेच ठेवायचं, बाकीची काढायची. काढताना आईचा जीव तुटतो, म्हणून मी ती दुपारी झोपते तेव्हा काढतो. आता तिला तुमची कृती वाचून दाखवतो.

रस घट्ट होतो कारण कच्च्या सफरचंदात पेक्टिन भरपूर असतं.

रोपांबद्दल कलमकाठी दादांना विचारू या, ते शेंदुरजना घाटच्या बाजूचे आहेत. तिथे संत्र्याची कलमं घरोघरी होतात.


कलमकाठी · १० जून, रात्री ८:३०

ताई, बुंध्याजवळ बसा आणि जमिनीपासून वीतभर ते दीड वीत उंचीपर्यंत साल नीट पाहा. कलम असेल तर एका जागी गाठ, वाक किंवा सालीचा रंग बदललेला दिसेलच, चार वर्षांत ती खूण पुसत नाही. खालून वरपर्यंत खोड सरळ, एकसारखं असेल आणि खालच्या फांद्या काट्यासारख्या असतील तर ते बियांचं रोप आहे. तुम्ही सांगता त्यावरून तसंच वाटतं. चूक तुमची नाही. बियांचं सफरचंद फुलायला सहा-आठ वर्षं सहज घेतं, कधी जास्तही. आणि आलं तरी आईसारखं येत नाही. गोड आंब्याची कोय लावून जे होतं तेच. हरिमन शर्मांचं झाड बियांचंच होतं, पण तसं एखादंच निघतं, आणि त्यांनी पुढे त्याची कलमं केली म्हणून ते सगळ्यांपर्यंत पोचलं.

झाडं उपटू नका! चार वर्षांचं जोमदार मूळ तुमच्या जमिनीत रुळलंय, ती मोठी कमाई आहे. त्यावरच कलम करा. जानेवारीत, डोळे फुगण्याआधी, खोड गुडघ्याएवढ्या उंचीवर कापायचं, पाचर मारून दोन काड्या बसवायच्या, दोन्हींची हिरवी साल एका बाजूनं तरी तंतोतंत जुळली पाहिजे, मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून वर मेण. दोन झाडांवर ॲना, एकावर डॉर्सेट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ पाहाल.

मला पुष्कळ जण विचारतात म्हणून सांगतो, संत्र्याचं कलम ज्यावर बांधतो त्या जंबेरीवर सफरचंद चढत नाही. कूळच वेगळं. सफरचंद सफरचंदावरच. आणि नवीन कलम विकत घेणाऱ्यांनी खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळाचं रोप, कोणता आहे ते विचारा. आपल्या भारी जमिनीला आणि उन्हाला एमएम-१११ बरा. एमएम-१०६ ला पाणी साचलं की बुंधा सडतो.


निंबोणी · १० जून, रात्री ९:०५

आत्ता टॉर्च घेऊन पाहून आले. तिन्हींवर खूण नाही. चार वर्षं मी त्यांना पाणी घातलं, आणि विकणाऱ्याला माहीत होतं. खूप वाईट वाटलं. पण उपटायची नाहीत हे वाचून धीर आला. कलमकाठी दादा, काड्या कुठून आणू? कापणं मला जमेल का?


पऱ्हाटी · १० जून, रात्री ९:४०

मी बी वाचून रायलो. माह्या पोरानं आजच दोन जागा आखल्या, एक न्हाणीच्या पाण्याजवळ. खड्डे दिवाळीनंतर घेतो अन् मुरूम गावच्या नाल्यातून आणतो. ताई, तुमचं वाचून मले बी राग आला, पण तुमची मुळं तरी जमिनीत हाएत. माह्याकडं अजून कायच नाई.


आंबिया · १० जून, रात्री १०:३०

ताई, पऱ्हाटी भाऊ, काड्या माझ्याकडून घ्या. २५ डिसेंबरला पानं काढताना मी एका वर्षाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या कापतोच. प्रत्येकी ॲनाच्या सहा आणि डॉर्सेटच्या चार ठेवतो, कापल्या टोकांना मेण लावून आणि वाणाच्या नावाची चिठ्ठी बांधून. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. तीन-चार आठवडे उत्तम राहतात. त्या दिवसांत त्याच फ्रीजमध्ये पिकलेली फळं ठेवू नका, केळी आणि सफरचंद तर नकोच. पिकत्या फळातून जो वायू निघतो त्यानं काडीचे डोळे मरतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या काड्या अशाच गेल्या, शेजारी संत्री-केळ्यांची पिशवी होती.

भाऊ, तुम्ही जानेवारीत एमएम-१११ चे दोन खुंट आणून लावा, एक वर्ष रुळू द्या, पुढल्या हिवाळ्यात काड्या पुन्हा देईन.


कलमकाठी · १० जून, रात्री १०:५०

ताई, वर्धा मला लांब नाही. १० जानेवारीच्या आसपासचा एक रविवार ठेवा, मी चाकू आणि पट्टी घेऊन येतो. पहिलं झाड मी बांधून दाखवीन, दुसरी दोन तुम्ही बांधायची. तोवर आजपासून त्या झाडांच्या खालच्या, काट्यासारख्या फांद्या काढत चला, आणि पावसाळ्यात बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. आपल्या संत्र्याला लावतो तीच.


निंबोणी · ११ जून, सकाळी ६:४०

११ जानेवारी लिहून ठेवली. जेवायलाच या, मागच्या मार्चचा मेथांबा एक बरणी शिल्लक आहे, ती तोवर उघडत नाही.